बांबूचं पातं: सामुराई चित्रपट आणि लाजेचा इतिहास



सामुराई म्हटलं की तलवार आली आणि तलवार म्हटली की खणखणाट आला. त्या अपेक्षेने कोणी आलं असेल तर आधीच सांगून टाकतो, आज मी ज्या तलवारींविषयी बोलणार आहे त्यांना धार नाही. म्यान खरं, मूठ खरी, कमरेला खोचण्याची ऐटही खरी. पण आतलं पातं बांबूचं. पोलादी पातं केव्हाच विकलं गेलेलं, त्याच्या पैशांचे तांदूळही शिजवून संपलेले.

अशी तलवार जपानच्या तीन मोठ्या चित्रपटांत येते. पहिला १९३७ चा, दुसरा १९६२ चा, तिसरा २००२ चा. तिन्ही वेळा ती उघडी पडते आणि तिन्ही वेळा एकच प्रश्न उभा राहतो: यात लाज कोणाला वाटायला हवी? उत्तर मात्र दर वेळी वेगळं येतं. त्या बदलत्या उत्तराचा माग काढला, तर पासष्ट वर्षांत जपानी समाज कुठून कुठे आला हे बऱ्यापैकी दिसतं, असं माझं म्हणणं आहे. आजचं व्याख्यान एवढ्यासाठीच.

आधी थोडा इतिहास, कारण सामुराई हा मुळात पगारी माणूस होता हे लक्षात घेतल्याशिवाय हे चित्रपट कळत नाहीत. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ मध्ये तोकुगावा इएयासू शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश झाला आणि त्याच्या घराण्याची सत्ता १८६८ पर्यंत टिकली. या अडीचशेहून अधिक वर्षांतला बहुतेक काळ शांततेचा होता. लढाया थांबल्या, पण लढवय्ये उरले. त्यांना गावांतून उठवून सरदारांच्या किल्ल्यांभोवती वसवण्यात आलं. जमिनीशी नातं तुटलं आणि ठरावीक तांदळाचा तनखा सुरू झाला. तो ‘कोकु’त मोजत. एक कोकु म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाचं वर्षभराचं पोट. कमरेला दोन तलवारी लावून हे लोक कोठाराचे हिशेब ठेवत, दप्तर सांभाळत, पहारे देत. तनखा तांदळात आणि खर्च रोखीत, त्यामुळे व्यापाऱ्यांचं कर्ज डोक्यावर. शोगुनने एखादं सरदार घराणं बरखास्त केलं की त्याच्या पदरचे सगळे सामुराई एका फटक्यात बेकार होत. अशा धन्याविना राहिलेल्या सामुराईला रोनिन म्हणत. खाल्ल्या मिठाला जागायचं हा त्यांचा धर्म. पण मीठ देणारा हातच नाहीसा झाला तर जागायचं कोणाला?

पुढे १८७६ मध्ये, शोगुनांनंतर आलेल्या मेइजी सरकारने तलवार बाळगायलाही बंदी केली. जपानमध्ये सिनेमा आला तेव्हा सामुराई वर्ग कायद्याने संपलेला होता. पडद्यावरचा सामुराई पहिल्यापासूनच स्मरणातला होता, आणि कोणत्या पिढीला काय स्मरतं हे त्या पिढीच्या गरजेवर ठरतं. १९२५ च्या ‘ओरोची’ या मूकपटात बांदो त्सुमासाबुरोने एक खालच्या दर्जाचा सामुराई रंगवला. हा सरळ माणूस गैरसमजांमुळे गुंड ठरत जातो आणि शेवटी शेकडो शिपायांच्या गराड्यात एकटा लढतो. चित्रपटाचं मूळ नाव सेन्सॉरला खपलं नाही आणि ते बदलावं लागलं. ज्याला जग बदमाश म्हणतं तो बदमाश असेलच असं नाही, एवढं म्हणणंही त्या काळी जड गेलं.

आता पहिलं बांबूचं पातं. सादाओ यामानाकाचा ‘ह्यूमॅनिटी अँड पेपर बलून्स’ सुरू होतो तो एदो शहरातल्या एका चाळीत. रात्री पाऊस पडून गेलेला, आणि चाळीतल्या एका म्हाताऱ्या रोनिनने गळफास घेतल्याचं सकाळी कळतं. चाळकरी आपसांत बोलतात: सामुराई होता ना, मग पोट चिरून का नाही मेला? उत्तर येतं, कशाने चिरणार? तलवार विकून बसला होता, म्यानात बांबू होता. एवढ्यावर विषय संपतो. मग न्हावी शिंझा घरमालकाला पटवून मयताच्या नावाने दारू मिळवतो आणि रात्री चाळीत जागरणाऐवजी जंगी पार्टी होते. मेलेल्या सामुराईचा मोठेपणा कोणाला ठाऊक नाही, आणि त्याच्याशी कोणाला देणंघेणंही नाही.

त्याच चाळीत उन्नो माताजुरो नावाचा दुसरा रोनिन बायकोबरोबर राहतो. बायको कागदी फुगे चिकटवून घर चालवते. उन्नो वडिलांनी लिहिलेलं पत्र घेऊन मोरी नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या मागे फिरतो. वडिलांचे या अधिकाऱ्यावर उपकार आहेत. तो ओळख ठेवेल आणि चाकरी देईल ही आशा. अधिकारी ‘आज नाही, उद्या ये’ म्हणतो, मग वाट बदलून जातो, मग नोकरांकरवी हाकलून लावतो. उन्नो घरी येऊन बायकोला सांगतो की काम होत आलंय. शेवटी न दिलेलं ते पत्र बायकोच्या हाती लागतं. ती काही बोलत नाही. रात्री झोपलेल्या नवऱ्याला आणि मग स्वतःला ती छोट्या कट्यारीने संपवते. इथे लाज सगळी गरिबाच्या पदरात आहे. ज्याने उपकार विसरले त्या मोरीला लाजेचा स्पर्शही होत नाही. चाळीला सारं समजतं. पण चाळ हसते, पिते आणि पुढे चालते. जाब विचारणारं कोणी नाही.

हा चित्रपट २५ ऑगस्ट १९३७ रोजी प्रदर्शित झाला. जुलैत चीनशी युद्ध पेटलं होतं. त्याच सुमारास यामानाकाला सैन्यात भरतीचा हुकूम आला आणि पुढच्या वर्षी चीनमधल्या लष्करी रुग्णालयात आमांशाने तो गेला. वय २८. त्याच्या वीसहून अधिक चित्रपटांपैकी आज जवळजवळ पूर्ण स्वरूपात उरलेत तीनच. राज्याला त्या वर्षी जो सामुराई हवा होता त्याला भूक लागत नव्हती आणि प्रश्न पडत नव्हते. १९४१-४२ मध्ये केन्जी मिझोगुचीने सत्तेचाळीस रोनिनांची सूडकथा दोन भागांत केली, ती युद्धकाळातल्या मनोधैर्याची गरज म्हणून. गंमत अशी, की जवळजवळ चार तासांच्या त्या चित्रपटात ज्या हल्ल्यासाठी कथा प्रसिद्ध आहे तो हल्लाच मिझोगुचीने दाखवला नाही. नोकरी केली, पण आपल्या पद्धतीने.

१९४५ मध्ये जपान हरला आणि अमेरिकी ताबा आला. सरंजामी निष्ठा, सूड, आत्मबलिदानाचं कौतुक हे विषय चित्रपटांतून हद्दपार झाले. त्या वर्षी पूर्ण झालेला अकिरा कुरोसावाचा एक छोटा सामुराईपट १९५२ पर्यंत पडद्यावर येऊ शकला नाही. तलवारीवर पोट असलेल्या नटांनी काय करायचं? काताओका चिएझोसारखा तलवारपटांचा तारा गुप्तहेर बनला आणि हातात पिस्तुलं घेऊन उभा राहिला. जेत्यांना तलवारीचं वावडं होतं, पिस्तुलाचं नव्हतं!

त्याच काळात अमेरिकनांच्या देखरेखीखाली जमीनसुधारणा झाली. गैरहजर जमीनदारांची जमीन सरकारने घेऊन कुळांना विकली. कसेल त्याची जमीन हे तिथे थोड्या वर्षांत प्रत्यक्षात आलं. ही पार्श्वभूमी धरून १९५४ चा ‘सेव्हन सामुराई’ पाहावा. दरोडेखोरांनी नाडलेले शेतकरी सात रोनिनांना पोटावारी भाड्याने घेतात. आपल्या ‘शोले’चं मूळ ‘मॅग्निफिसंट सेव्हन’मार्गे इथपर्यंत पोचतं, पण ‘शोले’त लढवय्यांना बोलावतो तो ठाकूर, गावचा मालक. कुरोसावाच्या गावात मालकच नाही. शेतकरी स्वतः शहरात जातात, स्वतः निवड करतात, आणि लढवय्यांना पांढरा भात घालून स्वतः बाजरी-सांव्यावर राहतात. चाकर आणि धनी यांची अदलाबदल झालेली आहे.

या चित्रपटाच्या मधोमध एक प्रसंग आहे. गावात लपवून ठेवलेली चिलखतं सापडतात. ती पळून जाणाऱ्या जखमी सामुराईंना मारून लुटलेली. ते पाहून रोनिन संतापतात, आणि त्यांच्यातलाच किकुचियो, म्हणजे नट तोशिरो मिफुने, त्यांच्यावर तुटून पडतो. शेतकरी लबाड आहेत, लपवाछपवी करतात, खून करतात, हे तो कबूल करतो. पण त्यांना असं केलं कोणी? गावं जाळून, धान्य ओरबाडून, बायका पळवून तुम्हीच केलंत. बोलता बोलता त्याचा आवाज फाटतो आणि पाहणाऱ्यांना कळतं, की हा स्वतः शेतकऱ्याचा पोर आहे. त्याने मिरवलेली वंशावळ चोरीची आहे. तिच्यातल्या जन्मवर्षाप्रमाणे तो तेरा वर्षांचा भरतो, आणि यावर आधीच सगळे पोट धरून हसलेले असतात. त्या हिशेबाने कथेचा काळ १५८६ च्या आसपासचा. १५८८ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने शेतकऱ्यांची शस्त्रं जप्त करायला सुरुवात केली आणि पुढे वर्गांच्या सीमा बांधून टाकल्या. हिदेयोशी स्वतः साध्या घरातून वर आलेला. त्याने आपल्यामागे दार लावून घेतलं. किकुचियो त्या दाराच्या फटीतून आत शिरू पाहणाऱ्या शेवटच्या लोकांपैकी आहे. आणि सातांपैकी जे चार मरतात ते सगळे बंदुकीच्या गोळीने. तलवारीत कोणी त्यांना हरवत नाही.

लाजेचा चेंडू इथे पहिल्यांदा वरच्यांच्या अंगणात पडतो. किकुचियोच्या भाषणानंतर म्होरक्या काम्बेईच्या डोळ्यांत पाणी येतं. पण कुरोसावा व्यक्तीपाशी थांबतो. घराणं, दप्तर, संस्था यांना जाब विचारायला आणखी आठ वर्षं लागली.

त्या आठ वर्षांत बरंच घडलं. १९६० मध्ये अमेरिकेशी सुरक्षा करार पुढे रेटण्यासाठी पंतप्रधान किशी नोबुसुके यांनी विरोधी सदस्यांना पोलिसांकरवी सभागृहाबाहेर काढलं आणि मतदान उरकलं. लाखो लोक रस्त्यावर आले. १५ जूनला संसदेच्या आवारात काम्बा मिचिको ही विद्यार्थिनी मृत्युमुखी पडली. किशी गेले, करार राहिला. नवे पंतप्रधान इकेदा यांनी दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट करण्याची योजना आणली. आंदोलनाची पिढी कंपन्यांत नोकरीला लागली. कंपनी जन्मभर सांभाळेल, तुम्ही जन्मभर कंपनीचे राहा, असा तो अलिखित करार. सामुराई पुन्हा पगारावर आला होता.

१९६२ साली मासाकी कोबायाशीने ‘हाराकिरी’ केला. कोबायाशी युद्धात मांचुरियात शिपाई होता आणि बढती नाकारून शिपाईच राहिला होता. पटकथा शिनोबू हाशिमोतोची, जो ‘सेव्हन सामुराई’च्याही लेखकांपैकी एक. काळ १६३०. घराणं बुडाल्याने बेकार झालेला तरुण मोतोमे इई घराण्याच्या वाड्यावर येतो आणि तुमच्या अंगणात पोट चिरून मरू द्या अशी विनंती करतो. अशा रोनिनांना चार पैसे देऊन वाटेला लावण्याची रीत पडलेली असते. त्याचीही तीच अपेक्षा. पण वाड्यातले अधिकारी ठरवतात की याला धडा शिकवायचा. मरायला आलास ना, मग मर. त्याची तलवार तपासली तर बांबूची निघते. त्याच बांबूने पोट चिरायला त्याला भाग पाडतात. तो प्रसंग कोबायाशीने लांबवून दाखवला आहे. बोथट बांबू पोटात जात नाही, आणि शेजारी उभा असलेला माणूस अजून खोल, अजून खोल म्हणत राहतो. पाहणाऱ्याला मान वळवावीशी वाटते.

काही महिन्यांनी त्याचा सासरा त्सुगुमो हान्शिरो त्याच अंगणात येऊन बसतो आणि आपली कहाणी सांगू लागतो. तात्सुया नाकादाईचा हा अभिनय बसल्या जागेचा आहे, आवाजावर पेललेला. आजारी नातवासाठी जावयाने तलवार विकल्याचं त्याला जावयाचं प्रेत घरी आल्यावर कळलं. मग त्याला उमगतं की आपलं पातं विकावं हे आपल्याला कधी सुचलंदेखील नाही. घरात मूल तापाने फणफणत असताना आपण या लोखंडाला कवटाळून बसलो होतो. चित्रपटाचा कणा हा क्षण आहे. बांबू ही जावयाची लाज नाही. पोलाद ही सासऱ्याची लाज ठरते, आणि त्या पोलादाची पूजा करणाऱ्या वाड्याची तर त्याहून मोठी. वाड्यात पूर्वजांचं लाल चिलखत देवासारखं मांडलेलं आहे. शेवटच्या झुंजीत हान्शिरो ते उचलून आपटतो आणि ते मोकळ्या खोक्यासारखं कोसळतं. त्याला संपवतात बंदुकांनी. मग कारकून रोजनिशीत नोंद करतो: रोनिनने रीतीप्रमाणे पोट चिरलं, आमची माणसं आजाराने गेली. अंगण धुतलं जातं, चिलखत पुन्हा मांडलं जातं.

दुसऱ्या वर्षी तादाशी इमाईने तेच म्हणणं आडपडदा न ठेवता मांडलं. त्याच्या चित्रपटात एकाच घराण्याच्या सात पिढ्यांतल्या पुरुषांच्या भूमिका नाकामुरा किन्नोसुकेने केल्या. प्रत्येक पिढी धन्यासाठी काहीतरी गमावते, आणि सातव्या पिढीतला नोकरदार साहेबाच्या सांगण्यावरून आपल्या वाग्दत्त वधूकडून दुसऱ्या कंपनीची गुपितं काढायला निघतो. बर्लिनला त्याला सुवर्ण अस्वल मिळालं. कोबायाशीने १९६७ मध्ये ‘सामुराई रिबेलियन’ करून बाईचा आवाजही या अंगणात आणला. सरदाराने टाकलेली इची सामुराईच्या घरात सून म्हणून दिली जाते, आणि तिचा मुलगा वारस ठरताच परत मागितली जाते. ती नाही म्हणते, आणि तिच्या नकारामागे सासरा उभा राहतो.

सगळा जपान तेव्हा असाच विचार करत होता असं मात्र नाही. सत्तेचाळीस निष्ठावंतांची कथा त्याच वर्षांत पुन्हापुन्हा निघत होती आणि चालत होती. शिवाय प्रेक्षकच पांगत होते. १९५८ मध्ये जपानमध्ये ११२ कोटींवर तिकिटं विकली गेली होती. मग टीव्हीने घरं काबीज केली आणि थिएटरं ओस पडत गेली. १९६९ पासून २०११ पर्यंत चाललेल्या ‘मितो कोमोन’ मालिकेत एक म्हातारा वेशांतर करून गावोगाव फिरतो. शेवटी त्याचा सेवक शोगुन घराण्याची मुद्रा दाखवतो आणि दुष्ट लोक मातीत डोकं टेकतात. कोबायाशीचं चिलखत पोकळ होतं. इथल्या मुद्रेत सगळा न्याय भरलेला होता. तेजीच्या काळात, पगार वाढत असताना, लोकांना मुद्रा पुरली.

तेजी १९९० च्या दशकाच्या तोंडावर आटली. जन्मभराच्या नोकरीचा करार कंपन्यांनीच मोडायला सुरुवात केली. २००२ मध्ये एकाहत्तर वर्षांच्या योजी यामादाने आयुष्यातला पहिला सामुराईपट केला, ‘द ट्वायलाइट सामुराई’. सेइबेई हा पन्नास कोकुंचा कोठार-कारकून. बायको क्षयाने गेलेली, आई विसराळू झालेली, दोन लहान मुली. संध्याकाळ झाली की तो दोस्तांबरोबर प्यायला न जाता थेट घरी येतो आणि किड्यांचे पिंजरे विणून चार पैसे जोडतो. कोठार पाहायला आलेल्या सरदाराच्या नाकाला त्याच्या अंगाचा वास लागतो म्हणून त्याची खरडपट्टी निघते. त्याला ते सोसतं, कारण मुली वाढताना पाहणं यापलीकडे त्याला काही नको आहे.

त्याला हुकूम येतो: योगो नावाच्या सामुराईने आज्ञा होऊनही पोट चिरायला नकार दिला आहे, त्याला मार. सेइबेई आधी टाळू पाहतो, मग मान तुकवतो. काळोख्या घरात दोघं समोरासमोर बसतात आणि भांडण्याऐवजी गप्पा मारतात. दोघांच्या बायका एकाच रोगाने गेल्या. योगोने रोनिनपणात मुलगीही गमावली आहे. सेइबेई सहज सांगून टाकतो, की बायकोच्या अंत्यविधीसाठी तलवार विकली, ही आहे ती बांबूची. त्याच्या आवाजात लाज नाही. हिशेब सांगावा तसं तो सांगतो. पण ते ऐकून योगो खवळतो. मला मारायला बांबू घेऊन आलास? सेइबेईकडे छोटी तलवार खरी आहे, आणि झटापटीत योगोचं लांब पातं तुळईत अडकतं.

समीक्षकांनी या चित्रपटाची वाखाणणी केली ती साध्या माणसाच्या सुखाची कथा म्हणून, आणि ती रास्तच आहे. मला मात्र ‘हाराकिरी’ नजरेसमोर ठेवून तो पाहिला की अस्वस्थ व्हायला होतं. हान्शिरोचा वारस या चित्रपटात कोण? हुकूम झाला तरी मरणार नाही, मी काय चूक केली ते सांगा, असं म्हणणारा योगो. १९६२ मध्ये बांबूवाला आणि बंडखोर एकाच घरचे होते, जावई आणि सासरे. २००२ मध्ये बांबूवाल्याला बंडखोराच्या अंगावर पाठवलं जातं आणि तो जातो. घराण्याकडे बोट दाखवणारं चित्रपटात कोणी उरत नाही. गरिबीची लाज गेली ही केवढी मोठी गोष्ट! पण त्याबरोबर जाब विचारण्याची जिद्दही मावळली. पुढे शोगुनांच्या सत्तेच्या अखेरीस झालेल्या बोशिन युद्धात सेइबेई गोळी लागून मरतो, कोणाच्या तरी हुकमावरूनच.

या सिनेमाच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. इची वगळली तर यातल्या बायका बहुधा सोसतात आणि मरतात. कोबायाशीने मांचुरियावर वेगळा चित्रपट केला, पण चीन-कोरियात जपानी सैन्याने काय केलं हे सामुराईच्या पोशाखात कोणी बोललं नाही. घरातल्या धन्याला जाब विचारणं त्यांना जमलं. घराबाहेरच्या बळींपुढे उभं राहणं या पोशाखात जमलं नाही.

ऐतिहासिक चित्रपटांची आवड असलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकांनी या परंपरेकडून काही घ्यायचं असेल, तर ते तलवारीचे हात नव्हेत. पूर्वजांचं चिलखत मखरात बसवून ठेवायचं की ते पोकळ आहे का हे उचलून पाहायचं, हा निर्णय जपानच्या काही दिग्दर्शकांनी घेतला, आणि तोही लोकप्रिय, तिकीट विकणाऱ्या सिनेमात राहून. तसा चित्रपट आपल्याकडे निघाला तर आपण तिकीट काढू का? हा प्रश्न दिग्दर्शकांना विचारण्याआधी प्रेक्षकांनी स्वतःला विचारायचा आहे.